यजमान फौजेतून घरी आले, पण घरात रुळत नाहीत. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान राष्ट्रीय रायफल्समध्ये दोनदा काश्मीरला होते, पेन्शनवर येऊन वर्ष होत आलं, रात्री झोपत नाहीत, पोरांवर खेकसतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. डॉक्टर नाही, पण हे दिवस मी काढलेत.

आधी डॉक्टरचंच बोलतो, कारण गाडी तिथंच अडते. फौजेत मेडिकलला ‘शेप-वन’ (SHAPE-1), म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असावं लागतं आणि त्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाच्या तब्येतीचं. ते घसरलं की कॅटेगरी लागते, म्हणजे तब्येत कमी असल्याचा शेरा बसतो, प्रमोशन अडकतं, आणि पलटणीत जे बोललं जातं ते वेगळंच. म्हणून जवान झोप लागत नाही असं सांगत नाही, कंबर दुखते म्हणतो. इतकी वर्षं लपवलेलं माणूस घरी आल्यावर एकदम कसं बोलेल? त्यांना एवढंच सांगा, आता कसली कॅटेगरी लागत नाही आणि डॉक्टरकडे गेल्यानं पेन्शन थांबत नाही. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये ‘झोप येत नाही’ इतकं सांगितलं तरी पुरतं, ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. यजमान नाहीच गेले तर तुम्ही टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रात्री उठून कडी तपासणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणं, लग्नातला फटाका वाजला की अंग आक्रसणं, हे वेड नव्हे. तिथं याच सवयींनी माणूस जिवंत राहतो. त्या मोडायला वेळ लागतो, काहींना औषधही लागतं. झोपेतून उठवायचं तर अंगाला हात लावू नका, लांबून नावानं हाक मारा. पोरांनाही हे सांगून ठेवा. कँटीनमधून मिळणाऱ्या दारूच्या कोट्यावर मात्र लक्ष असू द्या. रमनं डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते ती मोडतेच, आणि मग पेग वाढत जातात.

आता थोडं तुमच्याकडे वळतो, राग मानू नका. फौजी सुट्टीवर येतो तेव्हा पाहुणा असतो. बँक, शाळा, सासूबाईंचं दुखणं, शेताचा बांध, सगळं तुम्ही एकटीनं ओढलंत. आता तो कायमचा आला, पण त्याला घरात ड्यूटीच नाही. मग तो चपला ओळीत का नाहीत यावरून आवाज चढवतो. एक काम पूर्ण त्यांच्यावर सोडा, मधे सूचना देऊ नका. माझ्याकडे बायकोनं पाण्याची मोटर आणि लाइटबिल दिलं. ऐकायला किरकोळ वाटेल, मला त्याचा आधार झाला.

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी ऐकून असाल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, आजही तिथं घरटी फौजी आहे. अशा गावात पारावर बसलं की न बोलताही समजणारा कुणीतरी शेजारी असतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो मिळत नाही. यजमानांच्या पलटणीतला जवळचा माणूस कोण, ते तुम्हाला ठाऊक असेल. त्याला तुम्हीच फोन लावा. आमच्यात एकमेकांना स्वतःहून फोन करायला लाज वाटते, का ते विचारू नका.

‘आता जगून काय करायचं’ असं कधी बोलले, तर थट्टेवारी नेऊ नका. बारा बोअरचं लायसन असेल तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर, आणि त्यांना घेऊन थेट डॉक्टरकडे.

नोकरीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव घाला, मेस्कोकडेही, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडेही, चौकशी करा. मिळते ती बहुतेक सिक्युरिटीचीच, त्यात कमीपणा नाही. फक्त नाइट ड्यूटी घेऊ देऊ नका, चार पैसे जास्त मिळत असले तरी.