साताऱ्यात पावसामुळे फिरणं बंद झालं म्हणून वडिलांसाठी ट्रेडमिल घेतली आहे. ती घरात कुठे ठेवावी आणि सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६१ वर्षांचे आहेत, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. उन्हाळाभर रोज पहाटे चार भिंतीपर्यंत, म्हणजे गावाजवळच्या टेकडीवरच्या त्या स्मारकापर्यंत, जाऊन यायचे आणि पाऊस लागल्यापासून घरात बसून आहेत. हॉल १० बाय १४ चा, घरात साडेचार वर्षांची मुलगी. आणि टीव्ही समोर दिसावा म्हणून मशीनची पाठ भिंतीला लावून ठेवायचा विचार आहे, चालेल का, असं विचारलंय.

नाही चालणार. बाकीचं पुढे सांगतेच, पण मशीनची पाठ भिंतीला लावू नका. हे एवढं ठामपणे का सांगते, ते आधी ऐका.

आम्ही शाहूपुरीत राहतो. ७ वर्षांपूर्वी आम्हीही असाच पावसाळ्यात ट्रेडमिल घेतली. जोडायला आलेल्या मुलाने हॉलमध्ये जागा बघितली आणि मागे दीड फूट सोडून ती भिंतीला लावून दिली. आम्हाला काय माहीत? टीव्ही दिसतोय, सोफाही हलवावा लागला नाही, आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हे चालत होते, वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. मागे सोफ्यावर फोन वाजला म्हणून यांनी नुसती मान वळवली. मान वळली तसा पाय तिरका पडला, अर्धा पट्ट्यावर आणि अर्धा बाजूच्या प्लॅस्टिकवर. हे गुडघ्यांवर पडले, पट्ट्याने त्यांना मागे नेलं आणि मागे भिंत. माणूस भिंतीला टेकून थांबला, पट्टा थांबला नाही. मी आत भाकरी थापत होते. आवाज ऐकून पिठाच्या हातांनी धावत आले, तर हे भिंत आणि मशीन यांच्यामध्ये अडकलेले आणि पट्टा गुडघ्यांखालून तसाच फिरतोय. मशीन थांबवणारी लाल चावी हँडलला नुसती लोंबकळत होती, ती मी ओढली. फार तर ७-८ सेकंदांचा खेळ. पण दोन्ही गुडघ्यांची आणि एका कोपराची साल गेली होती. डॉक्टर म्हणाले, हे खरचटणं नाही, घासून भाजलंय. भाजल्याची करतात तशी पट्टी महिनाभर करावी लागली.

मागे मोकळी जागा असती तर पट्ट्याने त्यांना जमिनीवर सोडून दिलं असतं. मुका मार बसला असता, दोन दिवस लंगडले असते. ट्रेडमिलवर पडणं कोणाच्याही नशिबी येऊ शकतं. पडल्यावर माणूस पट्ट्यावरून सुटतो की पट्ट्यावरच अडकतो, हे मशीन ठेवतानाच ठरलेलं असतं.

मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं, पण ती कोणी उघडत नाही. आमच्या पुस्तिकेत मागे २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट, आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर मोकळं ठेवा असं आहे. तुमच्या हॉलला हे बसतं. घरगुती मशीन साधारण साडेपाच फूट लांब असतं. ते १४ फुटांच्या दिशेने लावा, तोंड भिंतीकडे किंवा खिडकीकडे. मागे साडेसहा फूट सोडूनही पुढे हात घालून झाडण्यापुरती जागा उरते. मागच्या त्या जागेत टीपॉय, कपड्यांचा स्टँड, झोपाळा काही येऊ देऊ नका. टीव्ही हवाच असेल तर तो समोरच्या भिंतीवर न्या. खरं सांगायचं तर पहिला महिना टीव्ही नकोच.

ठेवण्याआधी वर पंखा बघा. उभं राहायचा पट्टा जमिनीपासून अर्धा फूट तरी उंच असतो, चढ वाढवला की पुढचा भाग आणखी उचलला जातो. पंखा बंद करून बाबांना पट्ट्यावर उभं करा आणि हात वर करायला लावा. पात्याला बोटं लागत असतील तर जागा बदला. गॅलरीत ठेवण्याचा मोह होईल, बाहेर अजिंक्यतारा दिसतो वगैरे. पण आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहीतच आहे, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे मोटरचं आणि बोल्टांचं काय होणार? घरातच ठेवा, खाली जाड रबरी मॅट घाला आणि चारही पाय टेकलेत का ते कोपरे दाबून बघा. डुगडुगत असेल तर खालचे पाय फिरवून खालीवर करता येतात.

लाइटचं काम वायरमनला बोलावूनच करा. मशीनला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, गिझरला असतो तसा, आणि अर्थिंग पक्कं हवं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. मोबाइल चार्ज करायच्या बोर्डावर ट्रेडमिल लावली की बोर्ड गरम होतो, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो, हे मी शेजारच्या घरात पाहिलंय. इन्व्हर्टरवरही चालवू नका. आणि वारं-पाऊस सुरू झाला की आपल्याकडे लाइट जाते, ते गृहीत धरा. चालताना लाइट गेली तर पट्टा झटक्यात थांबतो आणि अंग पुढे जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून बाबांना सांगून ठेवा: लाइट गेली की हँडल धरायचं, बाजूच्या न हलणाऱ्या प्लॅस्टिकवर पाय ठेवायचे आणि खाली उतरायचं. लाइट येईपर्यंत वर उभं राहायचं नाही.

आता ती लाल चावी. तिला दोरी आणि चिमटा असतो. चिमटा शर्टाला लावायचा, कमरेपाशी. माणूस मागे गेला की दोरी ताणते, चावी सुटते आणि पट्टा थांबतो. चिमटा कपड्याला लावलेला नसेल तर चावी असून नसून सारखीच, आमच्याकडे नेमकं तेच झालं. आमच्या घरी आता चिमटा न लावता कोणी सुरू केलं तर मी स्वतः जाऊन बंद करते, मग कोण कितीही चिडो. लावल्यावर एकदा उभ्या उभ्या ओढून बघा, पट्टा खरंच थांबतो का.

तुमच्या मुलीसाठी ही चावी दुप्पट महत्त्वाची आहे. फिरून झालं की चावी काढायची आणि तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायची, भिंतीवरचं बटणही बंद करायचं. लहान मुलांना फिरता पट्टा बोलावतो. मागच्या रुळापाशी हात गेला की बोटं आत ओढली जातात आणि तळहाताची कातडी सोलते. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीला ट्रेड प्लस या मॉडेलची सुमारे १,२५,००० मशीनं परत बोलवावी लागली. मुलं, मोठी माणसं, पाळीव जनावरं मागून मशीनखाली ओढली गेल्याच्या ७० हून जास्त तक्रारी होत्या आणि ६ वर्षांचं एक मूल त्यात गेलं. तेव्हा बाबा चालत असताना मुलगी त्या खोलीत एकटी नको. दार लावून घ्या, किंवा दुसरं कोणी तिला घेऊन बसा.

बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि मोघम विचारू नका. तीन गोष्टी विचारा. शुगरच्या गोळ्यांपैकी कुठल्या गोळीने चालताना शुगर एकदम उतरू शकते? ग्लिमेपिराइड असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. बीपीच्या गोळीने नाडी मंद राहते का? मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर मशीनच्या पडद्यावरचा नाडीचा आकडा बघून जोर ठरवण्यात अर्थ नाही. आणि टीएमटी करून घ्यायची का? टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवरचीच तपासणी. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेली पद्धत त्यात सर्रास वापरतात. पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या असतात आणि शेजारी डॉक्टर उभे असतात. असा दम बघायचा तर तिथेच, घरी नाही. घरी चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं की थांबायचं आणि थेट दवाखाना. थोडं बसून बघू, असं करायचं नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी उभ्या राहा. चहा-बिस्किटं होऊन थोडा वेळ गेलेला असावा, उपाशीपोटी नको. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी. पायात बूट, घट्ट बांधलेले. शुगरवाल्यांना तळपायाची जाणीव कमी असू शकते, फोड आला तरी कळत नाही, म्हणून चालून झाल्यावर मोजे काढून तळवे बघायचे. लेंगा पायघोळ असेल तर नको, ट्रॅक पँट द्या. हे तुम्हालाही लागू आहे हं, ओढणी काढून ठेवायची. माझ्या सासूबाईंना चालायची फार हौस होती, पण सहावारीत मी त्यांना कधी चढू दिलं नाही. पदर खोचला तरी निऱ्या पट्ट्याच्या कडेला जातातच.

दोन्ही पाय बाजूच्या न हलणाऱ्या प्लॅस्टिकवर ठेवून उभं राहायचं, चिमटा लावायचा, मगच बटण दाबायचं. पट्टा ताशी १ किलोमीटरच्या आसपास हळू सुरू होतो. तो फिरताना दिसला की हँडल धरून एक पाय, मग दुसरा. पहिला आठवडा रोज १० मिनिटं पुरे, २ ते ३ च्या वेगाने. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे ५ दिवस अर्धा अर्धा तास. बाबा तिथवर दीड महिन्यात आरामात पोचतील. वेग किती? चालताना तुमच्याशी सलग वाक्य बोलता यायला हवं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. बहुतेकांचा तो वेग ४ ते ५ च्या मध्ये येतो.

नजर समोर. पायांकडे बघितलं की तोल जातो. हँडल धरण्यात लाजण्यासारखं काही नाही, हात नुसते टेकलेले असावेत. हँडलवर भार टाकून अंग मागे ओढलं जात असेल तर वेग जास्त झालाय, कमी करा. कोणीतरी सांगेल की १ टक्का चढ ठेवलाच पाहिजे. ती गोष्ट १९९६ च्या एका अभ्यासातून आली आहे. बाहेर धावताना वारा आडवा येतो, त्याची भरपाई म्हणून तो चढ सांगितला होता, आणि तोही जोरात धावणाऱ्यांसाठी. साडेचारच्या वेगाने चालणाऱ्या बाबांना त्याचा उपयोग नाही. पहिले दोन महिने चढ शून्य.

शेवटची ५ मिनिटं वेग उतरवत आणायचा. एकदम थांबलं की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते. पट्टा पूर्ण थांबल्यावर हँडल धरून मिनिटभर तिथेच उभं राहायचं, कारण खाली उतरल्यावर जमीनच सरकतेय असं वाटतं. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी घाबरून माझा खांदा धरला होता. दोन-चार दिवसांत सवय होते.

देखभाल फार नाही. पट्ट्याखाली दर २-३ महिन्यांनी सिलिकॉन ऑइल, पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको. पट्टा डावीकडे सरकलेला दिसला तर मागचा डावा बोल्ट पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, उजवीकडे सरकला तर उजवा, आणि थोडा वेळ चालवून बघायचं. कडेला घासू देऊ नका.

एक गोष्ट पाऊस उघडल्यावर लागेल. दसऱ्याच्या सुमाराला बाबा पुन्हा चार भिंतीकडे निघतील, अंगात दमही असेल, चढून सहज जातील. त्रास उतरताना होतो. घरच्या ट्रेडमिलवर सहसा उतार नसतो, त्यामुळे उतरताना मांड्यांवर आणि गुडघ्यांवर जो भार येतो त्याची चार महिन्यांत सवय गेलेली असते. आमचे हे दर ऑक्टोबरला पहिल्या दिवशी जोशात वर जायचे आणि पुढचे तीन दिवस जिना धरून उतरायचे. तेव्हा पहिल्या आठवड्यात बाबांना निम्म्यातूनच माघारी फिरवा, उतरताना पावलं लहान टाकायला सांगा आणि हातात काठी द्या.