दुपारी अख्खी गल्ली ऑफलाइन, मीटर मात्र ओके म्हणते

भाऊ, तू लिहिलं की मानेवाड्याकडच्या तुझ्या नोडवर (फायबर जिथं गल्लीतल्या तांब्याच्या केबलला जोडते तो डबा) दुपारी बारा-एकनंतर गल्लीच्या गल्लीतले मॉडेम एकदमच ऑफलाइन होतात, संध्याकाळी आपोआप येतात, मीटरवर ६२ डीबीमायक्रोव्होल्ट (सिग्नलच्या जोराचं माप) लेव्हल बरोबर आहे, दोन घरचे मॉडेम बदलून झाले अन आता सुपरवायझर अँप्लिफायर बदल म्हणून राहिला. थांब जरा बाप्पा, काहीच बदलू नको अजून.

६२ म्हणजे डाउनस्ट्रीमची, म्हणजे घराकडे येणाऱ्या सिग्नलची लेव्हल, ते चांगलीच आहे. पण तुझं दुखणं रिटर्नमध्ये (घराकडून परत जाणाऱ्या सिग्नलमध्ये) दिसते, म्हणजे ५ ते ६५ मेगाहर्ट्झमध्ये (काही सामानात ४२ पर्यंतच असते), अन साधं लेव्हल मीटर तिकडे पाहतच नाही. आधी एका बंद पडणाऱ्या घरी १९२.१६८.१००.१ उघड अन लॉग वाच. टी३ टाइमआउटची रांग लागली असेल तर मॉडेम बोलून राहिला पण उत्तर काही भेटत नाही, लागोपाठ १६ वेळा असं झालं की तो पहिल्यापासून रेंजिंग (केंद्राशी वेळ अन पॉवर जुळवणं) सुरू करते. टी४ (मॉडेमला बोलायची पाळीच न भेटणं) असेल तर मामला वेगळा, मग डाउनस्ट्रीमकडे पाहा. ट्रान्समिट पॉवरही तिथंच लिहून घे, सकाळची अन दुपारची दोन्ही.

रिटर्नची भानगड अशी आहे की डाउनस्ट्रीममध्ये एका घरचा कनेक्टर खराब तर त्याच घराच्या टीव्हीचं चित्र फुटते, रिटर्नमध्ये मात्र नोडखालच्या सगळ्या घरांचा नॉइज एकाच नालीत येऊन पडते. एका घराची चूक अन गल्ली बंद. अन दुपारीच का, तर मे महिना आहे, घरोघरी कूलर सुरू असतात. लूज प्लग, ठिणग्या मारणारा स्विच, स्वस्तातला रेग्युलेटर यांचा कचरा खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त असते. केबल धड असेल तर तो आत येत नाही, पण जाळी सुटलेला कनेक्टर किंवा उघडा ठेवलेला स्प्लिटरचा पोर्ट असला की आला समजा. त्यात खिडकीतल्या कूलरचं पाणी थेंब थेंब खालच्या जॉइंटवर पडत असते, ते तर मी इतक्या घरी पाहिलं की आता घरात शिरायच्या आधी कूलरच्या खाली पाहतो. कनेक्टर खोलला की आत हिरवट बुरशीसारखं दिसते अन पिन काळी पडलेली.

आता शोधायचं कसं. स्पेक्ट्रम अॅनालायझर किंवा रिटर्न दाखवणारं मीटर घे, नोडच्या टेस्ट पॉइंटला लाव (तो बहुतेक २० डीबी खाली असते, हिशेबात धर), मॅक्स होल्ड (आलेला सगळ्यात मोठा नॉइज पडद्यावर धरून ठेवणारी सेटिंग) ठेव, अन जेव्हा त्रास आहे तेव्हाच, म्हणजे भर दुपारीच जा. सकाळी थंड वेळेला जाऊन काय सापडणार? मग एकेका लेगचा (नोडमधून निघणाऱ्या शाखेचा) रिटर्न पॅड (सिग्नल कमी करणारा छोटा तुकडा) काढून पाहा, अगदी क्षणभर, कारण तेवढा वेळ त्या लेगवरचे लोक बंद पडतात. ज्या लेगवर नॉइजचा फ्लोअर (तळ) खाली बसला तिकडं चल. पुढच्या अँप्लिफायरवर हेच, मग टॅपवर (घरांना फाटे देणारी डबी) एकेक ड्रॉप (घराकडे जाणारी केबल) काढत जा. एक गोष्ट ध्यानात ठेव, जॉइंट हलवल्याबरोबर नॉइज गायब झाला तर खुश होऊन निघू नको. गंजलेला कॉन्टॅक्ट डायोडसारखा वागतो, हात लावला की काही वेळ सुधरते अन दोन दिवसांनी परत सुरू. तो कापून नवीन कॉम्प्रेशन कनेक्टरच लाव, जुने क्रिम्पवाले फेक.

अँप्लिफायर वाढवून नॉइजवर मात करायची आयडिया तर सोडच, सिग्नलसोबत नॉइजही तेवढाच वाढते. उलट मॉडेम ४२-४५ डीबीएमव्हीवर (हे माप मिलीव्होल्टचं, वरच्या ६२ शी तुलना नको) बोलत असेल तर बरंच आहे, ५१-५२ च्या वर गेला तर वाटेत लॉस जास्त आहे, अन ३२-३३ वर असला तर त्या घरचा कचराही तितक्याच आरामात नोडपर्यंत पोचून राहिला. ज्या घरी फक्त टीव्ही आहे तिथं हाय पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लाव, रिकाम्या टॅप पोर्टला ७५ ओहमचं टर्मिनेटर (पोर्ट बंद करणारं टोपण). स्वस्तातल्या वस्तू आहेत, पण ऑपरेटर लोक त्याच वाचवतात, काय सांगावं.

अन सुपरवायझरला हेही सांग की अँप्लिफायरला एजीसी (आपोआप लेव्हल सांभाळणारं सर्किट) नसेल तर डिसेंबरात केलेलं बॅलन्सिंग मेमध्ये टिकत नाही. कोएक्स केबलचा लॉस तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.२ टक्के वाढते, तीस-पस्तीस अंशांचा फरक अन २० डीबीचा स्पॅन (दोन अँप्लिफायरमधली केबल) धरला तर एका स्पॅनमागं सव्वा-दीड डीबी, चार अँप्लिफायर मागेपुढे असले तर वरच्या चॅनलवर पाच-सहा डीबी गेले.

नोडचा स्पेक्ट्रम काढला की इथंच फोटो टाक, दुपारचा अन सकाळचा दोन्ही. तोपर्यंत लोक ओरडत असतील तर हेडएंडवाल्याला (केबलच्या मुख्य केंद्रातल्या माणसाला) सांगून अपस्ट्रीम, म्हणजे तोच रिटर्न, ६४ क्वामवरून १६ क्वामवर (डेटा कमी भरणारी पण नॉइज जास्त सोसणारी पद्धत) आणून घे, स्पीड कमी होईल पण लाईन टिकेल.