दोन वर्षं झाली, पुढे काय शिकू? आधी बिघाड शोधायला शिका

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत दोन वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर काम करताय. नवीन फीचर जमतं, पण चालू असलेलं काही बिघडलं की सीनियरच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागतं. आणि आता रिअॅक्ट शिकावं की एआयचा क्लास लावावा, यावर गाडी अडली आहे.

क्लासचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुमची अडचण तुम्हीच नेमकी सांगितली आहे, आणि तिच्यावरचं औषध तुमच्या लॅपटॉपवर आधीच इन्स्टॉल केलेलं आहे: गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन.

मी खराडीत काम करतो, टीमसाठी इंटरव्ह्यूही घेतो. त्यात एक प्रश्न हमखास विचारतो: मागच्या रिलीजला चालत होतं, या रिलीजला चालत नाही, कसं शोधाल? बहुतेक जण म्हणतात, डीबगर लावून कोड बघू. मधल्या काळात काय बदललं ते आधी बघतो, असं म्हणणारा क्वचित भेटतो. तो भेटला की माझा अर्धा निर्णय झालेला असतो.

गिट आपण सगळेच वापरतो, पण पुल, कमिट (बदलांची एक नोंद), पुश यापुढे फारसं कुणी जात नाही. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये ते लिनक्स कर्नलसाठी लिहिलं. जगभरातून बदल येत असताना नेमक्या कोणत्या बदलाने घात केला हे शोधणं तिथे रोजचंच. त्यासाठीची कमांड म्हणजे गिट बायसेक्ट. एक चांगला कमिट सांगायचा, एक बिघडलेला सांगायचा. ते मधोमधचा कमिट काढून देतं, तुम्ही तपासून चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी निम्मे कमिट बाद. मध्ये हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत दोषी हातात येतो.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. रिपोर्टमध्ये मध्यरात्रीनंतरच्या नोंदी आदल्या दिवशीच्या तारखेला दिसायला लागल्या. सकाळी साडेपाचनंतरच्या मात्र बरोबर! साडेपाच म्हटल्यावर तुमची ट्यूब पेटली असेल: भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. पण रिपोर्टच्या जावा कोडला कुणी हातच लावलेला नव्हता, तो कितीही वाचून उपयोग शून्य. मग रात्री साडेबाराची एक नोंद टाकून तारीख तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि 'गिट बायसेक्ट रन'ला दिली. स्क्रिप्टने शून्य परत केलं तर कमिट चांगला, एक परत केलं तर वाईट, आणि बिल्डच होत नसेल तर 125 म्हणजे 'हा सोडून दे'. चहा घेऊन येईपर्यंत उत्तर तयार: डॉकरफाइलची (आमचा प्रोग्रॅम ज्या कंटेनरमध्ये चालतो, तो बनवण्याच्या सूचनांची फाइल) साफसफाई करताना टाइमझोनची ओळ उडाली होती. कंटेनर गुपचूप यूटीसीवर गेला आणि सिस्टिमची वेळ धरून चालणारा कोड त्याच्या मागे.

अर्थात, 'फायनल चेंजेस' नावाखाली चाळीस फायली एकाच कमिटमध्ये कोंबल्या असतील तर बायसेक्ट तुम्हाला त्या ढिगापर्यंत नेऊन सोडेल, पुढचं तुमचं तुम्ही. म्हणून कमिट छोटे करा आणि मेसेजमध्ये बदल का केला ते लिहा. काय केलं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात, दिसतंच.

सोबत आणखी दोन गोष्टी. एखादी ओळ किंवा कॉन्फिगची किल्ली गायब झाली असेल तर 'गिट लॉग'ला कॅपिटल एसचा पर्याय देऊन तो शब्द द्या. तो जिथे आला आणि जिथून गेला ते कमिट मिळतात. कोणती ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणारं 'गिट ब्लेम' वापरताना डब्ल्यूचा पर्याय लावा, नाहीतर नुसतं इंडेंटेशन बदलणाऱ्या बिचाऱ्याच्या नावावर सगळं खापर फुटतं. प्रोग्रॅमचे लॉग चाळायला ग्रेप (शब्द शोधायला) आणि लेस (फाइल पानापानाने वाचायला) पुरेसे आहेत, ते आठवडाभरात हाताला बसतील.

एआय क्लासबद्दल: कोड लिहून देणारी साधनं तुमच्या ऑफिसातही आली असतील, जरूर वापरा. पण कोड भराभर पडायला लागला की बिघाडही भराभर येणार, आणि तो शोधणाऱ्याला टीममध्ये मान आपोआप मिळतो.

उद्याच तुमच्या प्रोजेक्टमधला एखादा बंद झालेला बग घ्या, त्याच्या दुरुस्तीच्या आधीचा कमिट 'वाईट' धरा, मागचा एखादा चालणारा रिलीज 'चांगला' धरा आणि बायसेक्ट चालवून बघा. झालं की 'गिट बायसेक्ट रीसेट' द्यायला विसरू नका, नाहीतर दुपारी जुन्याच कोडवर काम करत बसाल.