घरात माणूस गेल्यानंतरच्या दिवसांवर कमी पैशांत विनोदी शॉर्ट फिल्म कशी करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हाताशी पैसे नाहीत, आणि अशा विषयावर विनोदी फिल्म केली तर लोक म्हणतील की दुःखाची चेष्टा चालवली आहे. पैशांचं नंतर बघू, तो त्यातल्या त्यात सोपा भाग आहे.

मी अशी एक फिल्म केली आहे, नऊ मिनिटांची. वडील गेलेत आणि वर्तमानपत्रात द्यायला तिघा भावंडांना त्यांचा एक फोटो निवडायचाय. अडचण अशी की या गृहस्थांनी जन्मभर एकाही फोटोत डोळे उघडे ठेवलेले नाहीत. उघडे सापडतात ते फक्त ओळखपत्रावर, आणि तिथे ते कुणाला तरी मारायला निघाल्यासारखे दिसतात. प्रसंग आमच्याच घरातला.

पहिल्या खर्ड्यात मी विनोद लिहिले. बहीण टोमणे मारायची, भाऊ तोडीस तोड उत्तरं द्यायचे. वाचनाला मित्र खूप हसले आणि मला घाम फुटला, कारण पात्रांपैकी एकाचाही बाप मेलेला वाटत नव्हता. दुसऱ्या खर्ड्यात झाडून सगळे विनोद काढले आणि प्रत्येकाला एकेक काम दिलं. थोरल्या बहिणीला संध्याकाळी सहाच्या आत फोटो पाठवायचाय. मधल्याला वडिलांबरोबरचा स्वतःचा एक तरी फोटो हवाय, पण तो हे बोलत नाही, नुसते अल्बम उलटेपालटे करतो आणि बहिणीचा वेळ खातो. धाकटा कंप्युटरवर बसून वडिलांचे डोळे उघडायच्या खटपटीत. शेवटी तो स्वतःच्या फोटोतले डोळे कापून त्यांच्या चेहऱ्यावर बसवतो. ते इतके चपखल बसतात की तिघंही गप्प होतात. त्या जागी प्रेक्षक आधी हसतात आणि मग हसू मध्येच सोडून देतात. मला फिल्ममध्ये हवं होतं ते एवढंच.

तेव्हा चेष्टेच्या भीतीवर माझं उत्तर असं: गेलेल्या माणसावर हसू नका, मागे राहिलेल्यांच्या हट्टावर हसा. पात्रांच्या हातात क्षुल्लक पण निकडीचं काम द्या आणि दुःखाला त्या कामाच्या आड येऊ द्या. ‘मला त्यांची आठवण येते’ असं वाक्य संहितेत दिसलं की खोडा. नटांनाही हेच. आपण गमतीदार आहोत हे नटाला कळलं की गंमत गेली. आणि रडायच्या सीनमध्ये ‘रड’ म्हणू नका, ‘रडू येऊ देऊ नकोस’ म्हणा. हा सीन दिवसाच्या अगदी शेवटी ठेवू नका. दमलेला नट रडतो, पण ते दमल्याचं रडणं असतं.

या जातीची एक फिल्म जरूर बघा, जिम कमिंग्जची ‘थंडर रोड’. २०१६ साली अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला शॉर्ट फिल्मचं सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालं. आईच्या अंत्यविधीला एक पोलीस बोलायला उभा राहतो, एवढंच. जवळजवळ सगळी फिल्म एकाच सलग शॉटमध्ये आहे. एक जागा, एक माणूस, एक कॅमेरा. कमी पैशांचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. मात्र त्यात एक प्रसिद्ध गाणं आहे आणि ऑनलाइन दाखवायच्या हक्कांसाठी दिग्दर्शकाला मूळ गायकाला जाहीर पत्र लिहावं लागलं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. ओळखीतल्या कुणाकडून तरी दोन-तीन मिनिटांचं संगीत करून घ्या आणि हक्कांचं कागदावर लिहून घ्या, मित्र असला तरी.

आता पैसे. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. अवघडलेल्या शांततेवर चालणाऱ्या विनोदात तो चुकतो. माझी सात पानं नऊ मिनिटं झाली. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट धरतात, फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेत श्रेयनामावलीसकट १५ मिनिटं. तुम्ही दहाच्या आत राहा. एक खोली, चार नट, दोन दिवस.

चित्रीकरण फोनवर चालतं. फक्त फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, एका आकड्यावर पक्का ठेवणारं ॲप वापरा. फोन स्वतःच्या मर्जीने फ्रेम रेट वरखाली करतो आणि मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, विजेच्या वारंवारितेशी जुळवा, ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० सेकंद आणि ६० असेल तिथे १/६०, म्हणजे दिवे लुकलुकणार नाहीत.

जे थोडे पैसे आहेत ते आवाजावर आणि लोकांच्या जेवणावर घाला. धूसर चित्र लोक सोसतात, न कळणारा संवाद सोसत नाहीत, आणि विनोदात तर एक शब्द हुकला की सगळंच गेलं. माइक तोंडाजवळ, फ्रेमच्या जेमतेम बाहेर. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं त्यानेच बुजतात. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. टिकटिक करणारं घड्याळही बंद करा. आम्ही केलं, पण ते फ्रेममध्ये होतं. सहाच्या आत फोटो पाठवायची धावपळ चाललेली आणि भिंतीवर नऊ मिनिटं चार वीसच. एका प्रेक्षकाने मला विचारलं की हे थांबलेल्या काळाचं प्रतीक का. मी मान डोलावली.

कॅमेरा जवळ नेण्याची घाई करू नका. बोलणारा आणि ऐकणारा एकाच फ्रेममध्ये असू द्या, कारण हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. मी सवयीने क्लोजअप घेत गेलो आणि एडिटला बसल्यावर लक्षात आलं की प्रत्येक कटला विनोदाचा श्वास तुटतोय. शेवटी दोघं एकत्र दिसणारे टू-शॉटच वापरले. एक मात्र करा, हात, अल्बम, कंप्युटर यांचे सुटे शॉट घेऊन ठेवा. टेकच्या मधला रेंगाळलेला भाग काढायचा असेल तेव्हा तेच वाचवतात.

आमचं सगळ्यात अवघड काम निघालं वडिलांच्या फोटोंचं. फोटोंपुरत्या वडील झालेल्या नटाला डोळे मिटायला सांगितलं की तो झोपलेला दिसायचा, किंवा, कसं सांगू, गेलेला. मग त्याला अखंड बोलत ठेवलं आणि कॅमेरा बर्स्टवर टाकला, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो. अर्धवट मिटलेल्या पापण्या अशा मिळाल्या. सहा शर्ट, एक दुपार.

शूट माझ्याच घरी होतं, लोकेशन फुकट म्हणून. आई आतल्या खोलीत आहे आणि ‘बाबांचा एकही धड फोटो नाही’ हे वाक्य ती पंधरा टेक ऐकतेय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सोळाव्याला ती दारात येऊन म्हणाली, “मला विचारलंत का कुणी?” तिच्याकडे फोटो होता, तिने स्वतः काढलेला, डोळे टक्क उघडे. शेवट आम्ही तिथल्या तिथे बदलला आणि ते वाक्य आईच्या पात्राला दिलं. चौथी नटी तोवर फक्त मागून येजा करत होती. तरी मी म्हणेन, स्वतःच्या घरी शूट करणार असाल तर घरातल्यांशी आधी बोला आणि त्यांना नको असेल तर दुसरी खोली शोधा.

फुटेजच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर. फिल्म फेस्टिव्हलांना पाठवणार असाल तर आधी ऑनलाइन टाकू नका. काही ठिकाणी त्यामुळे प्रवेशच मिळत नाही. आणि पहिला कट, म्हणजे एडिट करून जोडलेली पहिली फिल्म, दाखवाल तो तुमची गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना. दाखवताना पडद्याकडे नका बघू, त्यांच्याकडे बघा.