बाईक एकच, मोबाईल एकच, मग केस दोन का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावीला आहे. आमच्या सेक्टरमधल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या बाईकवर मागे बसून गेला आणि वाशीत दोघांनी एका बाईंच्या हातातला मोबाईल खेचला. दोघांनाही पोलिसांनी पकडलं. मोठ्याला बेलापूर कोर्टातून पोलीस कोठडी मिळाली, माझ्या मुलाला भिवंडीला नेलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत घरी पाठवलं. आता त्या मुलाची आई रोज दारात येऊन म्हणते, तुमचा सुटला, माझा अडकला. खरंच सुटला का? पुढे काय करायचं? – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, सुटला हा शब्द आधी मनातून काढा, आणि त्यालाही काढायला सांगा. तो घरी आलाय पण केस चालू आहे, फक्त वेगळ्या रस्त्याने. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, त्यात अठराच्या आतलं मूल सहसा मोठ्यांच्या कोर्टात जात नाही, आणि गुन्हा मोठ्या माणसासोबत केला असला तरी दोघांची केस एकत्र चालवता येत नाही. म्हणून त्या मुलाचं बेलापूरला आणि तुमच्या मुलाचं भिवंडीला बाल न्याय मंडळापुढे. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यात एक तरी बाई असावीच लागते. पिंजरा नाही, उंच खुर्ची नाही.

फरक नेमका कुठे आहे बघा. मोठ्यांच्या कोर्टात मुख्य प्रश्न असतो, केलं का आणि केलं तर शिक्षा किती. मंडळात पहिला प्रश्न तोच असतो, पण दुसरा असतो की आता या पोराचं काय करायचं म्हणजे ते परत इथे येणार नाही. बाकीचे सगळे नियम यातूनच आलेत. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे न्यायचं, आईवडिलांना कळवायचं, जबाबावर त्याची सही घ्यायची नाही. आणि गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाच्या बाबतीत जामीन हाच नियम, तो नाकारायचा तर मंडळाला कारणं लिहावी लागतात, जसं की बाहेर गेला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल किंवा त्यालाच धोका आहे. त्या दुसऱ्या आईला हे समजावून सांगा, तिच्या मुलावर कोणी खार खाऊन नाही, तो एकोणीसचा आहे एवढंच. मला स्वतःला अठरा आणि एकोणीस यातली ही रेघ दरवेळी टोचते, पण रेघ कुठेतरी ओढावी लागते.

मोबाईल खेचणं म्हणजे स्नॅचिंग, भारतीय न्याय संहितेत त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय कायद्यात ते किरकोळ अपराधांत मोडतं. एरवी अशा गुन्ह्यात मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही, पोलीस ठाण्याच्या डायरीत फक्त नोंद होते, पण सोबत मोठा माणूस होता म्हणून तुमच्याकडे एफआयआर झाला, त्याने घाबरू नका. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, अजून दोन महिने वाढवता येतात, आणि किरकोळ अपराधात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद होतं. सिद्ध झालं तरी समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांना दंड, प्रोबेशन म्हणजे देखरेखीखाली घरी राहणं, असे पर्याय आहेत, विशेष गृहात म्हणजे सुधारगृहात पाठवलं तरी जास्तीत जास्त तीन वर्षं.

आता तुम्ही काय करायचं. वयाचा पुरावा म्हणून सगळे आधार कार्ड घेऊन धावत येतात, ते कायद्याच्या यादीत नाहीच. दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी, असा क्रम आहे. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, म्हणजे केस चालू असताना तो अठराचा झाला तरी हाच कायदा लागू.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट. घर कसं आहे, शाळा, मित्र, हे सगळं त्यात येतं आणि मंडळ तो रिपोर्ट नीट वाचतं. एकदा एक बाबा मुलासोबत आले होते. प्रोबेशन ऑफिसर मॅडम मुलाला विचारतायत सकाळी किती वाजता उठतोस, उत्तर बाबा देतायत, साडेसहाला मॅडम, अभ्यास करतो, खूप शांत आहे. शेवटी मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं, दार लागलं आणि पोरगं खाली बघत म्हणालं, कॉलेजला दिवाळीपासून गेलोच नाही. त्याच एका वाक्यावर पुढची सगळी मदत उभी राहिली, समुपदेशन, कोर्स, सगळं. म्हणून ताई, मुलाला खोटं पढवू नका प्लीज, इथे चांगलं दाखवायचं नसतं, खरं सांगायचं असतं. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो. आणि घरात रोज टोमणे नको, पण त्या बाईंचा मोबाईल गेला, त्या किती घाबरल्या असतील, हे एकदा शांतपणे त्याच्याशी बोलाच.

प्रश्न : घोडबंदर रोडला सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या गाडीने माझ्या बाबांना उडवलं, मांडीचं हाड मोडलं, तीन महिने झाले बाबा पलंगावर आहेत. पोरगं मात्र घरी मजेत. हा कायदा आहे की सवलत? – एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : दादा, तुमचा राग खोटा नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या अपघातानंतर मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तेव्हा अख्खा महाराष्ट्र असाच चिडला होता. पण मूल सोडून दिलं की सगळे सुटले असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९ए आहे, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं असं बापाने नुसतं म्हणून चालत नाही, ते त्यालाच सिद्ध करावं लागतं. एफआयआरची कॉपी काढा आणि त्यात १९९ए लावलंय का ते आजच बघा, नसेल तर लेखी अर्ज द्या. नुकसानभरपाईचा दावा तर पूर्ण वेगळा आहे, तो मोटार अपघात न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत टाका, तुमचे तीन महिने गेलेत.

सोळा ते अठराच्या मुलांना मोठ्यांसारखं चालवता येतं का, तर येतं, २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर ते कायद्यात आलं. पण ते फक्त ज्यात किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे अशा गुन्ह्यात, तेही मंडळाने मुलाची समज, क्षमता आणि परिस्थिती तपासल्यावर, आणि तेव्हाही फाशी नाहीच. तुमच्या केसमध्ये ते बसत नाही, कोणी वकील तसं सांगून फी घेत असेल तर सावध राहा.

प्रश्न : मी २३ वर्षांचा. पंधराव्या वर्षी मारामारीत नाव आलं होतं, मंडळाने समज देऊन घरी सोडलं. आता नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन आहे, अडेल का? – एक वाचक, कळवा

उत्तर : अडायला नको. मंडळाने दोषी धरलं तरी त्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता येत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम २४. रेकॉर्डही अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायचं असतं. आणि कलम ७४ प्रमाणे निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी द्यायची नाही. फॉर्ममधला प्रश्न शब्दन् शब्द वाच आणि सही करण्याआधी वकिलाला दाखव, खोटं काही लिहू नको. जुन्या आदेशाची कॉपी घरी शोधून ठेव, आणि पोलीस ठाण्यात कोणी ते परत उकरून काढलंच तर भांडू नको, ही दोन कलमं लिहून अर्ज दे आणि त्याची पोच घे.