हिरवं दिसलं म्हणजे प्लवकच, असं धरू नको
पोरी, दारव्ह्याला बसूनही उपग्रहाच्या हरितद्रव्य-नकाशांवरून अरबी समुद्र वाचता येतो. हरितद्रव्य म्हणजे प्लवकाची, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची खूण. पण सुरुवात खंभातच्या आखातापासून करू नको. तिथला गाळ उपग्रहाला हरितद्रव्यासारखा भासतो. पुरात गढुळलेली आपली वर्धा आठव. आधी फेब्रुवारीतला उत्तर अरबी समुद्र घे. थंड, कोरड्या वाऱ्याने वरचं पाणी जड होऊन खाली जातं, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि प्लवक फोफावतं. आभाळही तेव्हा बरंच मोकळं असतं. पावसाळ्यात ढगांमुळे रोजचं चित्र रिकामं येतं, म्हणून ८ दिवसांची सरासरी वापर. रंगपट्टी लॉगरिदमिक, म्हणजे दर पायरीला तितक्याच पटीने वाढणारी, ठेव, नाहीतर किनारा तेवढा लाल, बाकी सगळं निळं. शेजारी त्याच आठवड्याचा समुद्राच्या पृष्ठतापमानाचा नकाशा लाव. जुलै-ऑगस्टमध्ये ओमानजवळ थंड आणि हिरवं एकत्र दिसेल, ते मात्र नीट निरखून पाहा.