वाचकांचे प्रश्न : आधी कॅसेट, मग अल्बम

प्रश्न : वडिलांनी १९८८ ते २००३ या काळात हौसेने केलेले चित्रीकरण आमच्याकडे सुमारे तीस व्हीएचएस कॅसेटमध्ये आणि त्यानंतरच्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटमध्ये आहे. शिवाय सहा जाडजूड अल्बम आहेत. निवृत्तीनंतर हे सारे संगणकावर आणायचे मी ठरवले असून सध्या पहिल्या अल्बमचे स्कॅनिंग चालू आहे. कामाचा क्रम बरोबर आहे ना?

उत्तर : क्रम उलटा आहे. अल्बम आहे तेथेच थांबवावा आणि कॅसेट हाती घ्याव्यात. छापील फोटो फिका पडला तरी तो पाहण्यासाठी डोळे पुरेसे असतात. कॅसेटचे तसे नाही. तिच्यातील चुंबकीय कण प्लास्टिकच्या फितीवर एका बंधक द्रव्याने चिकटवलेले असतात, आणि हे द्रव्य वर्षानुवर्षे हवेतील ओलावा शोषून विघटित होत जाते. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. व्हीएचएसचे यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. त्यामुळे आज मिळणारे जवळजवळ प्रत्येक यंत्र वापरलेलेच असते आणि ते दुरुस्त करू शकणारी माणसेही कमी होत चालली आहेत. फीत सुस्थितीत आहे पण ती चालवायला काहीच नाही, अशी वेळ येण्याआधी हे काम उरकलेले बरे.

प्रत्येक कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून फितीची गुंडाळी पाहावी. कडांवर पांढरट भुकटी किंवा तंतू दिसले तर ती बुरशी होय. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. ती स्वतः तर फाटेलच, पण यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. ती वेगळ्या पिशवीत ठेवून या कामातील जाणकाराकडेच द्यावी. बाकीच्या व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेवरील छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून त्यांवर नवे मुद्रण होणार नाही. मग फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, कारण अनेक वर्षे एकाच स्थितीत राहिलेली गुंडाळी त्यामुळे सैल होते. नव्याने आणलेल्या यंत्रात पहिली कॅसेट घालावी ती गमावली तरी चालेल अशीच.

मिनीडीव्ही कॅसेटची गोष्ट वेगळी आहे आणि तेथेच पुष्कळजण फसतात. या फितीवरचे चित्र मुळातच अंकीय (डिजिटल) स्वरूपात नोंदलेले असते. कॅमेऱ्याच्या फायरवायर जोडणीतून (अंकीय माहिती थेट संगणकाकडे नेणाऱ्या तारेतून) ते संगणकावर उतरवले तर ती जशीच्या तशी नक्कल होते, एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. तेच चित्र टीव्हीला जोडायच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांमधून घेतले, तर अंकीय चित्राचे आधी अनुरूप (ॲनालॉग) संकेतात आणि मग पुन्हा अंकांत रूपांतर होऊन विनाकारण नुकसान होते. काम बाहेर देणार असाल तर ‘मिनीडीव्ही कोणत्या जोडणीतून उतरवता?’ हा एकच प्रश्न विचारावा. समोरच्याला त्याचे उत्तर देता आले नाही तर कॅसेट परत घेऊन यावी.

तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, यावर उपाय नाही. परंतु मला तो तोटा वाटत नाही. त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि ते जे बोलतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे. पडद्यामागून ऐकू येणारा आवाज कोणाचा, अंगणातील ती सायकल कोणाची, हे सांगणारे माणूस कॅसेटच्याही आधी हातचे जाऊ शकते. उतरवलेली मूळ फाइल काटछाट न करता ठेवावी, संपादन करायचे ते तिच्या प्रतीवर करावे, आणि काम झाले म्हणून कॅसेट फेकून देऊ नयेत.

प्रश्न : आमच्या अल्बमच्या पानांना चिकट थर आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक आहे. पाने पिवळी पडली आहेत, फोटो निघत नाहीत आणि ओढले तर वाकतात. ते कसे काढावेत, आणि स्कॅन किती डीपीआयवर करावे?

उत्तर : या अल्बमांना बाजारात ‘मॅग्नेटिक’ म्हणत, प्रत्यक्षात तो गोंद होता, आणि फोटोंचे इतके नुकसान दुसऱ्या कोणत्याही घरगुती वस्तूने क्वचितच केले असेल. सर्वप्रथम काहीही न काढता प्रत्येक पूर्ण पानाचे छायाचित्र घ्यावे. फोटो कोणत्या क्रमाने लावले होते आणि शेजारी काय लिहिले होते, ही माहिती फोटो सुटे झाले की कायमची जाते. त्यानंतर दात स्वच्छ करण्याचा बिनमेणाचा, बिनवासाचा फ्लॉसचा धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे न्यावा. तरीही फोटो सुटला नाही तर हट्ट धरू नये; पानासकट स्कॅन केलेला फोटो हा फाटलेल्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

छापील फोटोंसाठी ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, पुरे. चार बाय सहा इंचांच्या फोटोपासून त्यामुळे २४०० बाय ३६०० पिक्सेलचे चित्र मिळते आणि ते दुप्पट मोठे छापले तरी सुबक दिसते. १२०० वर गेल्यास बहुधा कागदाचा पोतच अधिक स्पष्ट दिसू लागतो. निगेटिव्ह जपलेल्या असतील तर मात्र फोटो बाजूला ठेवून त्याच स्कॅन कराव्यात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट अवघी २४ बाय ३६ मिलिमीटर असल्याने तेथे ३००० डीपीआयच्या आसपास जावे लागते. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात ठेवावे आणि वाटण्यासाठी त्यापासून जेपेग करावे, कारण जेपेग दर वेळी बदलून साठवताना थोडा तपशील गमावते. रंग उडून तांबूस झालेला फोटो संगणकावर दुरुस्त करण्याचा मोह होतो, तो जरूर करावा, पण प्रतीवर. फोटोच्या मागे मजकूर असेल तर मागची बाजूही स्कॅन करावी. नव्याने काही लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलच वापरावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

प्रश्न : माझ्या पुतण्याने घरातील सर्व जुने फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आहेत. आता ते पंचवीस जणांच्या फोनमध्ये असल्याने सुरक्षित आहेत, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : पुतण्याने उत्साहाने वाटप केले, त्याबद्दल त्याचे कौतुकच करावे, पण वाटप म्हणजे जतन नव्हे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तेथे आकुंचित होतो आणि त्यात दडलेली तारीख-स्थळाची नोंदही निघून जाते. पंचवीस जणांकडे आहे ती एकाच दुबळ्या प्रतीची पंचविसांदा झालेली नक्कल. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

जतनासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. मी स्वतः अनेक वर्षे एकाच हार्ड डिस्कवर विसंबून होतो. ती टेबलावरून पडली त्या दिवशी हा नियम मला पटला. पेन ड्राइव्हला यात धरू नये, कारण विजेविना पडून राहिल्यास त्यातील माहिती विरत जाऊ शकते. क्लाउड ही घराबाहेरची चांगली प्रत आहे, परंतु ‘सिंक’ चालू असेल तर फोनवरून पुसलेला फोटो तेथूनही पुसला जातो, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे. शिवाय ते खाते एका माणसाच्या नावावर असते. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आणि त्यातील फोटो गूगल पुसून टाकू शकते. त्याच खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलच्या फोनवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ अशी सोय आहे; तेथे आपल्या पश्चात फोटो कोणाच्या हाती जावेत त्याचे नाव आजच भरून ठेवावे.

प्रश्न : आमच्या ८४ वर्षांच्या आत्याला जुन्या फोटोंतील सर्वांची नावे ठाऊक आहेत. ती कोठे आणि कशी लिहून ठेवावीत?

उत्तर : फोटो सुधारक संगणक-प्रणालींमध्ये मथळ्याची जागा असते; तेथे लिहिलेली नावे बहुधा फाइलच्या आतच साठतात व फाइलसोबत जातात. तरीही त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक यादी ठेवावी, कारण ती कोणत्याही संगणकावर उघडते. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिल्यास फोटो आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस माहीत नसेल तर वर्षावर थांबावे, अंदाजाची तारीख खरी म्हणून लिहू नये. ‘बाबा’, ‘ताई’ असे न लिहिता पूर्ण नाव लिहावे, कारण प्रत्येक पिढीचे बाबा वेगळे असतात. आत्यांकडे मात्र पाचशे फोटो घेऊन जाऊ नये. एका बैठकीला वीस पुष्कळ झाले, आणि पहिली बैठक याच आठवड्यात ठेवावी.